मंडईपुरती घरधनीण

शांत जागा हा शब्द कुणी काढला की आता तो माझ्या डोक्यात जातो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शांत जागेसाठीच बाहेर पडलो होतो, आणि त्या सुट्टीत मी जेवढा भात शिजवला तेवढा आमच्या घरी वर्षभरात शिजत नाही. माझा नवरा राजदीप मात्र आजही भेटेल त्याला सांगतो, तलावाकाठी काय मस्त आराम झाला. त्याचा झाला. त्यात खोटं काही नाही.

आम्ही बल्लारपूरचे. मी शाळेतली प्रयोगशाळा सांभाळते, राजदीप आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो. यंदा त्यानं एक जुनी कार घेतली आणि तेव्हापासून त्याचा पाय घरात ठरेना. आलापल्लीवरून हेमलकसा, परत येताना गडचिरोली, आणि शेवटी सिंदेवाहीकडे एका तलावाच्या काठी चार दिवस नुसतं पडून राहायचं, असा त्याचा बेत. आलापल्लीच्या अलीकडे-पलीकडे सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांमागे आमची कार अशी अडकली की गाणी संपली, चिवडा संपला, बोलणंही संपलं. पांढरी कार विटकरी झाली. माझ्या केसांत धूळ, कानात धूळ, डब्यातल्या पोळीत धूळ. कंबर धरली होती. तलाव आला की पडायचं, एवढं एकच मी मनात घोकत होते.

तलावाकाठचं ते घर आम्हाला घरबदलीत मिळालं होतं. राजदीपच्या मोबाइलवर एक गट आहे, त्यातली माणसं सुट्टीपुरती एकमेकांच्या घरी राहायला जातात. तू माझ्या घरी, मी तुझ्या घरी. त्यात सरिता नावाच्या बाईच्या घराचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं: तलावाकाठी घर, पुढे पडवी, चार दिवस. बदल्यात कसंही घर चालेल, फक्त त्यात कोणी नसावं. ते शेवटचं वाक्य वाचून आम्ही दोघं हसलो होतो. हसायला नको होतं, पण ते नंतर कळलं.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या घरचे मोठे भाऊ मला भांडायला येतील.

आम्ही पोचलो तेव्हा सरिता अंगणात उभी होती. पंचेचाळिशीची, काटक बाई. बोलताना तिचे हात गप्प राहत नव्हते. बोलता बोलता तिनं दोरीवरची चादर घडी केली, कोंबडीचं पिल्लू उचलून टोपल्याखाली घातलं आणि पायानं खराटा बाजूला सारला. घर आमच्या नावावर करून देत असल्यासारखं तिनं सगळं दाखवलं. तांदळाचा ड्रम, तेलाचं पिंप, वाटून ठेवलेला मसाला, चकल्यांचे डबे, आणि मागच्या पडवीत घासूनपुसून रचलेली ताटांची ही एवढी उतरंड.

"आमी दोघंच हाओ, सरिताबाई," मी म्हणाले.

"असू द्या. काही कमी नाई पडाले पायजे," ती म्हणाली.

मी विचारलं, संध्याकाळी पडवीतून तलाव कसा दिसतो. "पाव्हणे म्हणतेत, चांगला दिसते," असं ती म्हणाली आणि मला मागच्या पडवीतल्या मातीच्या चुलीपाशी घेऊन गेली. दूध तापवायचं होतं. घरात गॅस होता, तरी ती म्हणाली, चुलीवरच तापवा, आणि तुमच्याच हातानं पेटवा. तिनं काड्या रचून दिल्या, माचिस माझ्या हातात दिली आणि स्वतः दोन पावलं मागं सरून उभी राहिली. मला वाटलं, असेल इथली काही रीत, पाहुण्याचा मान वगैरे. मी चूल पेटवली. जाळ धरला तसा तिनं मोठा श्वास सोडला.

"दिवसा दार लावू नका," ती म्हणाली. "इथी कोणी लावत नाई."

मग तिनं खुंटीवरची लहानशी पिशवी घेतली आणि सिंदेवाहीच्या गाडीसाठी निघाली. तिथून रेल्वेनं बल्लारपूरला आमच्या घरी. किल्ली शेजारच्या करिष्माकडे ठेवलीच होती. जाताना ती इतकी झपाझप गेली की मी दिलेला पाण्याचा ग्लास तसाच माझ्या हातात राहिला.

त्या संध्याकाळपुरता तलाव माझा होता. समोर पाणी, पाण्यावर शिंगाड्याचे वेल, पलीकडे पाळीवरची, म्हणजे बांधावरची, झाडं आणि त्यामागे जंगल. बगळे उतरले. राजदीप बाजेवर आडवा झाला. मी पाय लांब केले आणि रस्त्यावरची सगळी धूळ आतून खाली बसल्यासारखी झाली. पाळीवरून लच्छू नावाचा एक म्हातारा मासेवाला जाळं खांद्यावर टाकून चालला होता. तो म्हणाला, "पाळीच्या त्या टोकाले एकट्या नोका जाऊ बाई, वाघ येते पाण्यावर." मी म्हटलं, मला कुठंच जायचं नाही, मी चार दिवस इथून हलणार नाही. तो हसला आणि म्हणाला, "हलाले कोण देते?" मला ते चांगल्या अर्थानं वाटलं.

सकाळी अंगणात मोटारसायकल थांबली. तिच्यावरून एक गोलमटोल बाई उतरली, मागून तिचा नवरा, मागच्या गाडीवर त्यांची सून आणि नातवंडं. बाई सरळ आत आली, पिशवी खुंटीला लावली आणि मोरीवर पाय धुऊन घेतले. मग तिला मी दिसले.

"सरिता कुठी हाये?"

"बल्लारपूरले गेली. आमी तिच्या घरी राह्यलो, ती आमच्या."

"ऐन मंडईत गेली?" ती बाई म्हणाली. "मंडई सोडून?"

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. मंडई काय असते ते मला कुणी शिकवायला नको. दिवाळी झाली की आमच्या इकडं गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक, आणि गावातल्या प्रत्येक घरी झाडून सारे नातेवाईक. बोलावणं लागत नाही. पण कुठल्या गावची मंडई कुठल्या दिवशी, हे बाहेरच्याला काय माहीत? आणि जिला माहीत होतं तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मला ती ताटांची उतरंड आठवली आणि माझं डोकं सणकलं.

आलेली बाई मीराबाई, सरिताची मोठी नणंद. तिनं मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "काल चूल कोणं पेटवली?"

"मी. तिनंच मले पेटवाले लावली."

मीराबाई पाटावर बसली. "मंग तुमीच घरवाल्या," ती म्हणाली. "आमच्या मायनं घालून देल्ला नेम हाये. मंडईच्या आदल्या दिवशी जिनं चूल पेटवली, तिनं शेवटचा पाव्हणा जाईस्तोर ती इझू नाई द्याची, अन् घर नाई सोडाचं. लगन होऊन आली तवापासून सरिताच पेटवते."

म्हणजे दूध, माचिस, दोन पावलं मागं सरणं, तो मोठा श्वास, सगळं ठरवून. मी अशी फसले की मला स्वतःचीच लाज वाटली. मी बाहेर जाऊन राजदीपला म्हणाले, "गाडी काढ, घरी चाल." तो मीराबाईच्या नवऱ्याशी गप्पा मारत पडवीत बसला होता. हातात सरिताच्या चकल्या. "आता पाव्हणे आले अन् आपण जाऊन राह्यलो, असं दिसते का बरं?" तो म्हणाला. "अन् लोक चांगले हायेत." लोक चांगले होतेच. चांगल्या लोकांना काय, आयता चहा मिळाला की सगळेच चांगले. मी चहा ठेवला, कारण अंगणात अजून दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या.

जो येई तो विचारी, सरिता कुठी हाये. सांगितलं की दुसरा प्रश्न सरिताबद्दल नसे. एकाला बिनसाखरेचा चहा हवा होता, तो सरिताला माहीत होता. एका म्हातारीला आंघोळीला कढत पाणी लागे, ते सरिता न सांगता देई. एकाला खिडकीपाशीच बाज लागे. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते, कुणी तरी विचारेल की बाई मंडई सोडून गेली, बरं तर आहे ना तिचं? कुणी विचारलं नाही. मी शाळेत पोरं हाताळते, मला आवाज चढवायला वेळ लागत नाही, पण माझ्यापुढे सगळे वयानं मोठे, पाय धुऊन बसलेले. मी दात ओठ खात कांदे चिरायला घेतले.

मग हात धुतले, मोबाइल घेतला आणि परसात जाऊन सरिताला फोन लावला. बराच वेळ वाजला. तिनं घेतला तेव्हा आवाज झोपेतला होता. सूर्य डोक्यावर आला होता.

"तुमी मले फसवलं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती काही सबब सांगेल. सबबीला द्यायची उत्तरं मी तयार ठेवली होती.

"झोपली होती मी बाई," ती पुढे म्हणाली. "सकाळी उठली, पानी पेली, अन् परत झोपली. कोणं उठवलंच नाई." मग, "पाव्हणे आले का?"

"आले. येऊनच राह्यले."

"तुमी म्हणाल तर येतो मी. सायंकाळची गाडी हाये."

ती हे रडून म्हणाली असती तर मी बोलावलं असतं तिला, खरं सांगते. रडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. पण ती अगदी साध्या आवाजात बोलली, जसं कुणी म्हणतं, मीठ कमी असेल तर आणून देतो. मी फोन ठेवला. माझा राग तसाच होता, पण आता तो कुणावर काढायचा तेच कळेना, आणि त्यानं मला रडू फुटलं. तिथंच, भाजीच्या वाफ्यापाशी.

आत आले तर मीराबाई कांद्यावर बसली होती. ती हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ. तिच्याकडून मला सरिता कळली, म्हणजे त्या घराला जेवढी माहीत होती तेवढी. कुरखेड्याकडची पोर. लग्न होऊन आली तेव्हा घरात चार भाऊ होते. थोरले दादाजी नोकरीनं गडचिरोलीला गेले, दुसरे दोघे नागपूरला. घर राखायला कुणी तरी हवं म्हणून धाकटा हरिदास आणि सरिता राहिले. मग हरिदासही ट्रकवर सूरजागडकडे गेला. यंदा त्याला सुट्टी नाही. आता धान, घर आणि मंडई तिन्ही सरिताकडे. तिची मुलगी दिव्यानी नागपुरात नर्सिंगला आहे.

"दिव्यानी मंडईतच झाली," मीराबाई कौतुकानं म्हणाली. "सकाळी सरितानं तांदूळ निवडले, दुपारी पोरगी झाली. अन् बाराखडी म्हणून होईस्तोर परत चुलीपाशी. एका साली तर अंगात ताप होता, तरी वडे केले तिनं. तिचा सोभावच तसा. तिले बसवतच नाई."

"तिले बसवून कोणं पाह्यलं?" मी म्हणाले.

मीराबाईचा विळीवरचा हात थांबला. पुढचे कांदे तिनं जरा सावकाश चिरले.

दुपारी दादाजी आले. सगळं घर उठून उभं राहिलं. त्यांनी अंगणात पाय पुढे केले आणि पाण्याची वाट पाहत थांबले. पाणी सरिता आणून देत असणार. मी दारात उभी होते, हातात उलथनं. शेवटी मीराबाईच्या सुनेनं तांब्या आणला.

"तुमी कोण?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. घरबदली वगैरे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता, तरी सांगितलं.

"आडनाव?"

"मेश्राम."

"कोणते मेश्राम?"

"बल्लारपूरचे," मी म्हणाले.

त्यांनी ते तिथंच सोडलं. पण चुलीवर चढलेल्या पातेल्याकडे पाहून म्हणाले, "ह्या घरची चूल परक्याच्या हाताची नाई चालत." आणि खिशातून मोबाइल काढून त्यांनी सरिताला फोन लावला, आवाज मोठा करून, सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असा.

"सरिता, घरी पाव्हणे बसले हायेत अन् तू कुठी फिरून राह्यली? सायंकाळच्या गाडीनं ये."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. तो आमचा पंखा. मला त्याची किरकिर ओळखू येते.

"येतो भाऊजी," सरिता म्हणाली.

काऊन म्हणून विचारणं नाही, बरं वाटत नाही असं सांगणंही नाही. दादाजींनी समाधानानं मान हलवली. पडवीत कुणी तरी म्हणालं, चला, म्हणजे रात्रीच्या जेवणाला सरिता येते. आणि माझ्या डोळ्यांपुढे ती बाई आमच्या खाटेवरून उठून बसलेली आली. माझी सगळी सुट्टी तिनं हिसकावून घेतली होती. त्यातला तिच्या वाट्याला आलेला तुकडाही हे आता असा फोनवरून काढून घेणार? मग माझा आराम गेला तो कशासाठी? मी पुढे झाले आणि दादाजींच्या हातातला मोबाइल घेतला. असं मी आयुष्यात कुणाच्या हातातून काही घेतलेलं नाही.

"येऊ नोको, सरिता," मी म्हणाले. "झोप तू." आणि फोन बंद केला.

राजदीप माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तेवढं त्यानं बरं केलं.

"तुमी कोण तिले सांगणाऱ्या?" दादाजींचा आवाज चढला.

"चूल मी पेटवली. तुमच्याच मायचा नेम हाये म्हणे. जिनं पेटवली, ती शेवटचा पाव्हणा जाईस्तोर घरवाली. म्हणजे सध्या मी हावो. सरिता येणार नाई."

"नेम घरच्या बाईसाठी हाये. बाहेरच्या नाई."

नेम त्यांचा, माय त्यांची. दादाजींनी मोबाइलसाठी हात पुढे केला. तेव्हा आतून मीराबाई आली, पदराला हात पुसत.

"मायनं असं नव्हतं सांगितलं, भाऊ," ती म्हणाली. ती मोठ्या भावापुढे फारशी बोलत नसावी, कारण तिचा नवरा चकित होऊन तिच्याकडे पाहत होता. "जिनं पेटवली ती, एवढंच माय म्हणे. घरची का बाहेरची, असं मायनं कधी नाई म्हटलं. अन् आपणही तर आता बाहेरचेच ना? मी अहेरीची, तुमी गडचिरोलीचे. घरची म्हणावं अशी एकटी सरिता, ती झोपून हाये."

दादाजींनी उपरणं झटकलं. "मंग वाढा," एवढंच म्हणाले आणि पाटावर जाऊन बसले. माझ्या हातचं त्यांनी खाल्लं, दुसऱ्यांदा रस्साही मागितला. पण मंडईभर ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

मी जिंकले होते, आणि जिंकून मला काय मिळालं, तर अख्ख्या मंडईचा स्वयंपाक. नेमानं सरिताला सोडलं तसं मला बांधलं. आता घर सोडायची सोय नव्हती. मी सोडलं असतं तर दादाजींनी पहिला फोन कुठं लावला असता ते सांगायला नको. बाहेर दंडार चालली होती, ढोलकी ऐकू येत होती, आणि मी मटणाला मसाला लावत होते. बाजारातून पोरं पिपाण्या घेऊन आली, मी भात वेळत होते. तलाव तिथंच होता, हाकेच्या अंतरावर, आणि स्वयंपाकघराची खिडकी उलट्या बाजूला, शेणाच्या खड्ड्याकडे. पाव्हणे म्हणतेत चांगला दिसते, असं सरिता का म्हणाली ते मला त्या खिडकीपाशी कळलं. इतकी वर्षं तलावाकाठी राहून तिनं हा खड्डाच पाहिला होता.

एका संध्याकाळी राजदीप मोबाइल घेऊन आत आला. "हे पाह्य, पाण्यावर सूर्य कसा पडला." फोटो चांगला होता. मी हातातला झारा त्याच्या अंगावर फेकणार होते. त्याऐवजी मी त्याला ताटांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तो बसला घासायला. त्याला पाहून मीराबाईचा नवरा आला, आधी थट्टा करायला, मग थट्टा अंगाशी आली आणि तोही बसला. बाकीचे पुरुष तलावावर निघून गेले, अचानक त्यांना तलाव फार आवडायला लागला.

मंडई उठली तसे पाहुणे एकेक करून गेले. मीराबाई जाताना मला म्हणाली, "सरिताले सांगा..." आणि मग काय सांगायचं ते तिला सापडलं नाही. "काही नाई. मीच भेटतो तिले," म्हणाली. मी चुलीतला शेवटचं कोलीत पाण्यात बुडवला, हात धुतले आणि गाडीत जाऊन बसले. कंबर येताना धरली होती, जाताना वाकली.

रस्ताभर मी सरिताला काय बोलायचं ते जुळवत होते. बाई, तुम्ही निदान सांगायचं तरी. मी नाही म्हटलं असतं, पण सांगायचं तरी. मूल गाव मागं पडलं, चंद्रपूर मागं पडलं, माझं भाषण चांगलं लांबलं होतं. एका गोष्टीनं मात्र मला धीर होता. आमच्या घरात एक माणूस पोटभर झोपलं होतं. माझी सुट्टी अगदीच मातीत गेली नव्हती.

दारातच करिष्मा भेटली. "त्या पाहुण्या बाई कुणाची वाट पाहत होत्या का हो काकू?" तिनं विचारलं. "पहिल्या दिवशी दिसल्याच नाहीत. मग मात्र रोज दाराशी बसलेल्या. मी जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, नको, कधीही निघावं लागेल."

मी आत गेले. सरिता पुढच्या खोलीत दाराजवळ जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. नेसलेलं लुगडं प्रवासाचं, केस विंचरलेले, पायाशी भरलेली पिशवी, पिशवीवर मोबाइल. आमच्या खाटेवरची चादर नीट घडी घातलेली, उशी भिंतीला लावलेली. मला पाहून ती मोबाइल उचलून लगबगीनं उठली.

"मी सांगितलं होतं ना, येऊ नोको," मी म्हणाले.

"हो. पण भाऊजी म्हणाले, ये." ती पिशवीकडे पाहत म्हणाली. "मनात आलं, तुमी नाई म्हटलं तरी ते परत फोन करतीन. फोन आल्यावर भराभरी पिशवी भराची, त्यापेक्षा भरूनच ठेवली. गाडीची वेळ झाली की वाटे, आता वाजते. मंग गाडी जाये. मंग दुसरी गाडी."

"म्हणजे झोपली कवा?"

"पहिल्या दिवशी. लय झोपली, बाई."

माझं सगळं भाषण राहून गेलं. मी भांडले, रांधलं, एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातून मोबाइल ओढला, आणि तिच्या पदरात पडली ती तेवढीच, फोन येईपर्यंतची झोप. मला तिचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. दादाजींना इथं आणून ह्या भिंतीशी बसवावंसं वाटलं. काहीच करता येत नव्हतं. मी तिची पिशवी उचलली, आतल्या खोलीत नेऊन लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली.

"आज जायचं नाई," मी म्हणाले. "खुर्चीवर बस."

ती मोबाइल शेजारच्या स्टुलावर ठेवून खुर्चीच्या काठावर बसली. मी चहा ठेवला तशी ती उठली. मी म्हटलं, बस. मी कपबशी काढली तशी तिचे हात पुढे आले, मग तिनं ते मांडीवर एकमेकांत धरून ठेवले. राजदीप सामान आत आणत होता, तो आमच्याकडे बघून गुपचूप बाहेर निघून गेला. तिनं चहा घेतला, फुंकर घालून, लहान लहान घोट.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. मी वाकून पाहिलं. मोठे भाऊजी. तिचा हात झटकन निघाला आणि मोबाइलवर जाऊन थांबला.

"मी बोलू का?" मी विचारलं.

तिनं मान हलवली, नाही. मोबाइल वाजत राहिला. तिचं बोट त्या हिरव्या खुणेजवळ होतं आणि ओठ हलत होते, जणू येतो हा शब्द तिथं तयारच होता. मी माझे हात मागे बांधून उभी राहिले, नाहीतर मीच तो फोन खिडकीतून भिरकावला असता. तो थांबला. लगेच परत सुरू झाला. ह्या वेळी तिनं बोट मागं घेतलं. फोन वाजत होता आणि ती त्याच्याकडे पाहत बसली, पार शेवटपर्यंत, तो आपणहून बंद पडेपर्यंत. मग ती खुर्चीत मागे सरकली. पाठ टेकली.

"बाई," ती म्हणाली, आणि रिकामा कप माझ्यापुढे धरला, "अजून अर्धा देता का?"